सैनिकाला विचारलेले चार प्रश्न



आपण इथे बहुतेक वेळा पुस्तकांबद्दल बोलतो. आज एका फॉर्मबद्दल बोलायचं आहे. हसू नका. फॉर्म हाही मजकूरच असतो, कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेला, आणि चांगल्या कादंबरीपेक्षा कितीतरी जास्त माणसांच्या हातात तो जातो. आम्ही डॉक्टर नाही, फौजीही नाही. छापलेला कागद नीट वाचायचा, एवढंच आमचं काम. कागद समोर आला की आम्ही तीन गोष्टी बघतो: यात बोलतंय कोण, कुणाशी बोलतंय, आणि खरं उत्तर दिलं तर उत्तर देणाऱ्याचं काय जाणार आहे. युद्धावरून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकाला मनावरच्या आघाताबद्दल आणि मेंदूच्या इजेबद्दल जे विचारलं जातं, ते या तीन प्रश्नांनिशी वाचून बघू. अमेरिकाच का? तर तिथले कागद आणि त्यांच्यावरचं संशोधन उघड्यावर आहे, म्हणून.

सुरुवात एका आकड्यापासून करू. ८ जानेवारी २०२० च्या पहाटे इराणनं इराकमधल्या अल-असद हवाई तळावर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं टाकली. तळावर अमेरिकी सैनिक होते. हल्ल्याची कुणकुण आधी लागली होती, त्यामुळे बरेच जण बंकरमध्ये होते. कुणी दगावलं नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशाला सांगितलं की आपल्या एकाही माणसाला इजा नाही. आठवड्यानंतर बातमी आली: ११ जणांना इजा. मग ३४. मग ५०, ६४. फेब्रुवारीत १०९, आणि शेवटी ११०. सगळ्यांचं दुखणं एकाच जातीचं: स्फोटाच्या दाबलहरीनं मेंदूला झालेली इजा, ज्याला ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी किंवा टीबीआय म्हणतात. मधल्या काळात दावोसला पत्रकारांनी ट्रम्प यांना छेडलं, तेव्हा डोकेदुखी वगैरे झाल्याचं ऐकलंय, फार गंभीर काही नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

शून्याचे ११० कसे झाले? कुणी लपवलं, असं म्हणणं सोपं आहे. पण इथे रक्त नव्हतं, प्लास्टर नव्हतं. बंकरमधून बाहेर आलेला माणूस चालत होता, बोलत होता, कामाला लागत होता. चक्कर, उजेड सहन न होणं, झोप उडणं, शब्द न आठवणं हे सगळं नंतर, आणि तेही कुणी विचारलं तर. थोडक्यात, हा आकडा विचारण्याबरोबर वाढत गेला. जखम दिसत नसेल तेव्हा ती मोजण्याचं एकच साधन उरतं, आणि ते म्हणजे प्रश्न. म्हणून प्रश्न कसा विचारला, हे तपासायला हवं.

स्क्रीनिंगला मराठीत आपण चाळणी म्हणू. चाळणी परीक्षा हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहेच. सैन्यातली ही चाळणी जुनी आहे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वापरून लेख लिहिला. लवकरच ब्रिटिश सैन्यानं त्या शब्दाचे दोन भाग पाडले. शत्रूचा गोळा जवळ फुटून माणूस कोसळला असेल तर शेल शॉक डब्ल्यू, म्हणजे ‘वूंडेड’, जखमी. तसं नसेल तर शेल शॉक एस, ‘सिक’, नुसता आजारी. डब्ल्यूवाल्याला बाहीवर जखमेची पट्टी मिळे, पेन्शनवर हक्क सांगता येई. एसवाल्याला यातलं काही नाही. माणूस तोच, थरथर तीच, अक्षर वेगळं. १९१७ मध्ये तर हुकूमच निघाला की शेल शॉक हे शब्द लिहायचेच नाहीत, ‘निदान व्हायचं आहे’ एवढंच लिहायचं, आणि हा माणूस खरोखर स्फोटाजवळ होता का हे त्याच्या कमांडिंग ऑफिसरला फॉर्म पाठवून विचारायचं. म्हणजे जखम सैनिकाची आणि साक्ष वरिष्ठाची. हे डब्ल्यू आणि एस लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं चाळणी दारातच लावली. भरतीच्या वेळीच ‘मनानं कच्चे’ वेगळे काढायचे, म्हणजे पुढे कुणी खचणार नाही, असा हिशेब होता. १५ लाखांहून जास्त तरुण मानसिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांवरून नाकारले गेले. तरीही आघाडीवर माणसं खचायची ती खचलीच. यावर फार वेळ घालवत नाही.

आता आजचा फॉर्म. २००३ च्या वसंतात, इराक युद्ध सुरू झालं त्याच सुमाराला, मोहिमेवरून परतताना भरायच्या आरोग्य-फॉर्मचा विस्तार झाला आणि त्यात चार प्रश्न आले. आमच्या शब्दांत सांगायचं तर असे: एखाद्या भयंकर अनुभवाची गेल्या महिन्यात स्वप्नं पडली का, किंवा नको असताना आठवण आली का? ती टाळायला धडपड करावी लागली का? सतत सावध असायचात का, पटकन दचकायचात का? माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं वाटलं का? उत्तर हो किंवा नाही. तीन ‘हो’ आले तर पुढे तपासायचं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या ताणाच्या विकाराची ही चाळणी. दवाखान्यातल्या डॉक्टरला मिनिटाभरात विचारता यावी म्हणून ती तयार झाली होती, आणि त्या कामासाठी ती बरी आहे.

पण हाच कागद सैनिकाच्या हातात दिल्यावर काय होतं बघा. तिसरा प्रश्न घ्या. ‘गेल्या महिन्यात’ सतत सावध होतात का? गेल्या महिन्यात तो इराकमधल्या रस्त्यावर गाडी चालवत होता आणि कडेच्या प्रत्येक कचऱ्याच्या ढिगाकडे बॉम्ब समजून बघत होता. सावध नसता तर मेला असता. त्याचं ‘हो’ हे लक्षण आहे की हजेरी? फॉर्मला ते कळत नाही. ज्या महिन्याबद्दल विचारायला हवं तो महिना अजून उगवायचाच आहे: घरी गेल्यावर, मुलाच्या वाढदिवसाला फुगा फुटल्यावर.

आणि फॉर्म भरायची वेळ कोणती? बॅगा बांधलेल्या आहेत, विमान उभं आहे किंवा नुकतंच उतरलं आहे, फाटकाबाहेर बायको-पोरं थांबली आहेत. रांगेतल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते: ‘हो’ लिहिलंस तर थांबावं लागेल. अशा जागी खरं बोलणाऱ्याला शूर म्हणायचं की भोळा, हे तुम्हीच ठरवा.

हे आमचं अनुमान झालं, पण त्याला मोजमापाचा आधार आहे. २००७ मध्ये इराकहून परतलेल्या ८८,२३५ सैनिकांचे फॉर्म अभ्यासले गेले: परतल्या-परतल्या भरलेला एक आणि काही महिन्यांनी भरलेला दुसरा. नियमित सैनिकांत पीटीएसडीच्या चाळणीत अडकणारे ११.८ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर गेले. राखीव दलांत, म्हणजे एरवी दुकानात-कचेरीत काम करणारी माणसं, तिथे १२.७ वरून थेट २४.५ टक्के. गंमत म्हणजे पहिल्या वेळी ज्यांना लक्षणं होती त्यांतले निम्म्याच्या आसपास दुसऱ्या वेळेपर्यंत सावरलेलेही होते. म्हणजे पहिल्या फॉर्मनं जे पकडले त्यांतले अनेक आपोआप बरे होणारे, आणि पुढे खचणारे अनेक त्यातून निसटलेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अमेरिकी सैन्याच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की दुसरा फॉर्म त्यांनीच २००५ मध्ये सुरू केला, चूक ओळखूनच.

दुसरी कसोटी: ऐकतंय कोण? यावरचा आमच्या मते सगळ्यांत बोलका अभ्यास २०११ चा आहे. एका पायदळ ब्रिगेडमधल्या सैनिकांनी नेहमीचा नावानिशीचा फॉर्म भरला. त्याच ब्रिगेडमधल्या काहींना तसेच प्रश्न निनावी विचारले गेले. निनावी कागदावर नैराश्य आणि पीटीएसडीचं प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त निघालं. लढाई तीच आणि माणसंही तीच होती. फक्त नावाची रेघ गेली. ज्यांना निनावी कागदावर लक्षणं होती त्यांतल्या पाचांतल्या एकानं सांगितलं की नावाच्या फॉर्मवर खरं लिहायची आपल्याला धास्ती वाटली. याचा अर्थ नीट लावू या. त्या फॉर्मवरचं ‘नाही’ हे उत्तर सैनिकाच्या मनाबद्दल थोडं आणि त्याच्या नोकरीबद्दल बरंच सांगतं.

दारूचं उदाहरण याहून उघडं आहे. त्या ८८ हजारांच्या अभ्यासात नियमित सैनिकांतल्या जवळपास १२ टक्क्यांनी दारूबद्दल काळजी वाटावी अशी उत्तरं दिली. उपचाराला पाठवले गेले हजारात दोन. कारण काय, तर दारूच्या उपचाराची खबर त्या वेळी आपोआप वरिष्ठाकडे जायची. तेव्हा डॉक्टरही पाठवायला कचरत आणि सैनिकही जायला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मग ज्यांनी धीर करून तीन किंवा चार ‘हो’ लिहिले त्यांचं काय झालं? अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनीस कार्यालयानं २००६ मध्ये पावणेदोन लाखांहून जास्त फॉर्म तपासले. त्यांतले सुमारे ५ टक्के, म्हणजे ९,१४५ सैनिक धोक्याच्या रेषेपलीकडे होते. पुढच्या तपासणीला पाठवले गेले त्यांतले फक्त २२ टक्के. उरलेल्यांबाबत डॉक्टरांनी ‘आपला अंदाज’ वापरला, आणि तो अंदाज कशावर बेतला होता हे संरक्षण खात्याला सांगता आलं नाही. तुम्ही माणसाला विचारता, तुला स्वप्नं पडतात का? तो म्हणतो, हो. तुम्ही म्हणता, बरं, पुढचा! याला तपासणी म्हणवत नाही. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, कारण एकदा ‘हो’ सांगून काहीच न झालेला माणूस पुन्हा सांगेल, याचा काय भरवसा?

ब्रिटिशांनी मात्र एक शहाणपण केलं. आधी फॉर्म लागू करून मग त्याची तारीफ करण्याऐवजी त्यांनी तो औषधासारखा चाचणीला लावला. अफगाणिस्तानातून परतलेल्या १०,००० हून जास्त सैनिकांच्या प्लॅटूनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागल्या. एका गटाला संगणकावर चाळणी आणि उत्तरांप्रमाणे सल्ला, दुसऱ्याला फक्त सर्वसाधारण माहिती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: साधारण वर्ष-दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नाही. मानसिक तब्येतीतही नाही, मदत घेण्यातही नाही. चाळणी भरलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांनी आपल्यासाठीचा सल्ला बघायलाच नकार दिला होता. माउस पुढे सरकवला आणि संपलं!

इथे आमचा एक श्रोता नेहमी म्हणतो, म्हणजे तुमच्या मते सगळंच फोल. तसं नाही. २००७ मध्ये इराकला निघालेल्या तीन अमेरिकी ब्रिगेडमध्ये जाण्याआधी चाळणी झाली आणि इतर तीन ब्रिगेडमध्ये झाली नाही. चाळणीवाल्या ब्रिगेडमध्ये पहिल्या सहा महिन्यांत आत्महत्येचे विचार, लढाईचा ताण, मानसिक आजार यांसाठी डॉक्टरांपर्यंत येणारे स्पष्टपणे कमी होते. फरक कुठे पडला? तिथे फॉर्मच्या मागे माणसं होती. कोण औषधावर आहे, त्याला आघाडीवर कोण भेटणार, त्याच्या युनिटच्या डॉक्टरला काय कळवायचं, हे ठरलेलं होतं आणि पाठपुरावा होता. प्रश्न तेच राहिले तरी चालतील. ते विचारून झाल्यावर खुर्ची मागे सरकवून कुणी उठतं का, हे बघायचं.

आता मेंदूच्या इजेकडे येऊ, कारण तिथे चाळणीची तऱ्हा निराळी आहे. २००० पासून अमेरिकी सैन्यात चार लाखांहून जास्त टीबीआय नोंदले गेले, त्यांतले दहापैकी आठ ‘सौम्य’, म्हणजे कन्कशन. आघाडीवरच्या वैद्यकीय जवानासाठी २००६ मध्ये एक छोटी चाचणी आली, मेस नावाची. त्यात पाच शब्द ऐकवतात आणि काही मिनिटांनी परत विचारतात: कोपर, सफरचंद, गालिचा, खोगीर, बुडबुडा. सैनिकांनी काय केलं असेल? पाठ केले! बराकीत एकमेकांना शिकवले. स्फोट झाला, डोकं गरगरतंय, पण कोपर-सफरचंद-गालिचा म्हणता आलं की गडी परत आपल्या टोळीत. शेवटी शब्दांच्या निरनिराळ्या याद्या कराव्या लागल्या. याला फसवणूक म्हणायला आमची जीभ रेटत नाही. सोबतच्या चौघांना टाकून तंबूत झोपायचं नाही, म्हणून ते खोटं बोलत होते. चाचणी लिहिणाऱ्यानं ती निष्ठा हिशेबात धरली नव्हती.

२०१० मध्ये याचं उत्तर निघालं, आणि या सगळ्या कागदांत आम्हाला मनापासून आवडलेला मजकूर तो आहे. नियम असा: स्फोटापासून ५० मीटरच्या आत असलेला, स्फोटात सापडलेल्या किंवा उलटलेल्या गाडीत असलेला, डोक्याला मार बसलेला, असा प्रत्येक जण तपासला जाईल आणि किमान २४ तास विश्रांती घेईल. तुला काय वाटतंय, हा प्रश्नच नाही. तू कुठे होतास, एवढंच. कबुलीचं ओझं सैनिकाच्या जिभेवरून उचलून घटनेवर टाकलं. विश्रांती हुकूम म्हणून आली, त्यामुळे ती घेण्यात कमीपणा राहिला नाही. १९१७ मध्ये ‘गोळा कुठे पडला’ हा प्रश्न माणसाचा हक्क नाकारायला वापरला गेला होता. तोच प्रश्न इथे त्याच्या बाजूनं उभा राहिला.

पण याही नियमात एक भोक राहिलं, आणि ते मोठं होतं. नियमातला स्फोट म्हणजे एकेक घटना, बहुतेक शत्रूनं घडवलेली. स्वतःच्या तोफेचं काय? २०१७ मध्ये सीरियात रक्का शहरावर अमेरिकी मरीन तोफखान्याच्या एका तुकडीनं पाच महिन्यांत सुमारे ३५,००० गोळे डागले. दोन तोफांच्या नळ्या जळाल्या. नळीचा हिशेब ठेवला जातो: किती गोळे गेले, कधी बदलायची. त्या नळीशेजारी उभं राहून प्रत्येक गोळ्याचा दाब डोक्यावर घेणाऱ्या पोराचा असा हिशेब कुठल्याही वहीत नव्हता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २०२३ मध्ये अशा गोलंदाजांच्या कहाण्या छापल्या: भास, निद्रानाश, मोडलेले संसार, आत्महत्या. चाळणीच्या भाषेत त्यांना काहीच झालेलं नव्हतं, कारण त्यांच्या जवळ शत्रूचं काही फुटलंच नव्हतं. २०२४ मध्ये संरक्षण खात्यानं नव्या भरतीतल्या सगळ्यांची स्मरणशक्ती आणि विचारक्षमता सुरुवातीलाच मोजून ठेवायचं ठरवलं, म्हणजे पुढे तुलना करता येईल. चांगलं आहे. फक्त मोहिमेवर जाण्याआधी अशी संगणकीय चाचणी २००८ पासूनच होत होती, आणि परतल्यावर तीच चाचणी सरसकट पुन्हा घेण्याची पद्धत नव्हती. आधीचं माप आहे, नंतरचं नाही. शिंप्यानं एकाच बाहीचं माप घ्यावं तसं.

आणि मन वेगळं, मेंदू वेगळा, असं सांगता येतं का? २००८ च्या एका अभ्यासात इराकहून परतलेल्या २,५२५ सैनिकांना विचारलं गेलं. ज्यांची स्फोटात किंवा माराने शुद्ध हरपली होती त्यांच्यापैकी ४३.९ टक्के पीटीएसडीच्या निकषात बसले. दुसरी काही इजा झालेल्यांत १६.२ टक्के, इजाच न झालेल्यांत ९.१ टक्के. संशोधकांचा निष्कर्ष असा की डोकेदुखी सोडली तर बाकीच्या तक्रारींचा संबंध पीटीएसडी आणि नैराश्याशी जास्त दिसतो. उलट बाजूनं, २०१६ मध्ये स्फोट सोसलेल्या आठ सैनिकांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली एका विशिष्ट प्रकारचे व्रण सापडले, जे जिवंतपणी नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. आठ ही संख्या लहान आहे, तिच्यावर इमले बांधू नयेत. पण झोप न येणारा, चिडचिडा, शब्द विसरणारा माणूस दोन वेगवेगळ्या टेबलांवर दोन वेगवेगळे फॉर्म भरतो, आणि कुठल्या टेबलावर त्याला आधी बसवलं त्यावर त्याचं निदान ठरू शकतं, हे वैद्यक न शिकलेल्यालाही खटकावं.

इथे ते डब्ल्यू आणि एस परत येतात. अमेरिकेत शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला पर्पल हार्ट हे पदक मिळतं. मेंदूच्या इजेला ते मिळू शकतं. पीटीएसडीला मिळत नाही. तसा निर्णय संरक्षण खात्यानं २००९ च्या सुरुवातीला जाहीर केला. अल-असदच्या ११० जणांपैकी २९ जणांना २०२० मध्ये हे पदक जाहीर झालं, आणखी ३९ जणांना २०२१ च्या डिसेंबरात, बराच पाठपुरावा झाल्यावर. म्हणजे चाळणीतून कुठल्या नावानं बाहेर पडलात त्यावर तुमची जखम ही जखम की नुसता आजार, हे अजूनही ठरतं. फॉर्म बदलले, संगणक आले, ती दोन अक्षरं मात्र कागदामागून हललेली नाहीत. आमची सगळ्यांत मोठी तक्रार ही आहे. ज्या चाळणीच्या एका बाजूला सन्मान आणि दुसऱ्या बाजूला शंका ठेवलेली आहे, तिच्यापुढे माणूस मोकळेपणानं बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

आपल्याकडचं काय, असं तुम्ही विचाराल. भारतीय सैन्यात दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि श्रेणी लिहिली जाते, तिला ‘शेप’ म्हणतात. त्यातलं पहिलंच अक्षर एस, म्हणजे मानसिक स्थिती. एस-१ म्हणजे ठणठणीत. आकडा वाढला की ‘लो मेडिकल कॅटेगरी’. हे शब्द सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत बायकापोरांनाही माहीत असतात, कारण त्यांवर बढती अडते, पोस्टिंग बदलतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. हा विषय काढला तेव्हा म्हणाले, “साहेब विचारायचे, नींद आती है? आम्ही म्हणायचो, आती है साब. एवढंच.” मग जरा थांबून म्हणाले, “झोप गावी आल्यावर गेली.” त्यांना कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

अमेरिकेत अलीकडे एक उलटा प्रयोग झाला आहे. एका नौसैनिकाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनी लावून धरल्यामुळे कायदा झाला आणि २०२३ पासून अमलात येऊ लागला: कुठलाही सैनिक, कुठल्याही कारणानं, कारण न सांगता मानसिक तपासणी मागू शकतो, आणि ती शक्य तितकी गुप्त ठेवायची. इथे प्रश्न सैनिक विचारतो, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. पण मागायची कुणाकडे? कमांडिंग ऑफिसर किंवा वरिष्ठाकडे. दार उघडं आहे, पण उंबऱ्यावर तोच साहेब बसलेला आहे. अर्ज मागणाऱ्यांत किती जण खालच्या हुद्द्याचे आहेत, आणि वर्षभरानंतर त्यांतले किती जण नोकरीत टिकले, हे दोन आकडे प्रसिद्ध झाले तर या कायद्याबद्दल पुढच्या वेळी नीट बोलता येईल.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ.